डिकीतला ढोल, कानातले रातकिडे

"डॉक्टर, रात्री दिवा मालवून पडलो की कानात रातकिडे ओरडायला लागतात. दिवसा काही त्रास नाही. एखादं ड्रॉप द्या म्हणजे झालं."

समोर बसलेले गृहस्थ चौतीस-पस्तीस वर्षांचे. बाजार समितीत कांद्याचे व्यापारी. प्रकृती ठणठणीत, साखर नाही, रक्तदाब नाही. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी आपल्याकडचे सगळे घरगुती उपाय करून पाहिले होते. लसूण घालून तापवलेले तेल झाले, शेजाऱ्यांनी सांगितलेले थेंब झाले. कानात पाहिले तर तेलाशिवाय काहीही सापडले नाही. पडदे दोन्ही शाबूत, मळ नाही, पू नाही.

बरोबर त्यांच्या सौभाग्यवती होत्या. इतका वेळ गप्प होत्या. मी चिठ्ठी लिहायला घेतली तशा म्हणाल्या, "डॉक्टर, नुसते रातकिडे नाहीत. ह्यांना ऐकू येत नाही. कबूल करत नाहीत, पण येत नाही."

मग हळूहळू सारे बाहेर आले. फोनवर कोणी 'सात' म्हणाले तर यांना 'आठ' ऐकू येई. एका व्यवहारात या सात-आठने चांगलाच फटका दिला होता. घरात कुकरची शिट्टी कळे, पण मुलीची आतल्या खोलीतली हाक कळत नसे. आणि गेल्या महिन्यात तर कहरच झाला. सकाळी गाडी दारातून मागे घेताना मागे सात वर्षांची मुलगी सायकल घेऊन उभी होती. गाडीतली धोक्याची टिटी वाजत होती, मुलगी "बाबा, थांबा" म्हणून ओरडत होती. यांच्या कानापर्यंत दोन्हींतले काहीच पोचले नाही. मुलगी सायकल टाकून बाजूला पळाली म्हणून वाचली. सायकलचे चाक तेवढे गाडीखाली गेले. त्या दिवसापासून बाई नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या, कान दाखवा म्हणून.

मी विचारले, "गाडीत गाणी चालू होती का?"

गृहस्थ जरासे हसले. "गाणी नाहीत डॉक्टर, सिस्टीम आहे आपली."

वाचकहो, आजचा विषय ही 'सिस्टीम' आहे.

डिकीत काय होते?

गाडी मोठी, परदेशी बनावटीची, सेकंडहँड घेतलेली. अशा गाड्यांत कंपनीकडूनच चांगली ध्वनियंत्रणा बसवून येते. महागड्या मोटारींच्या कंपन्या गेली चाळीस वर्षे त्यावर खास मेहनत घेत आहेत. 'बोस' कंपनीने अमेरिकेतल्या 'कॅडिलॅक सेव्हिल' या गाडीच्या १९८३ च्या मॉडेलसाठी त्या गाडीच्या आतल्या मापाबरहुकूम यंत्रणा तयार केली, तेव्हापासून हा शिरस्ता चांगलाच रुळला. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी पुढच्या दोन्ही सीटांखाली वूफर बसवलेले असतात. काच, सीटचे कापड, छताची उंची, माणूस कुठे बसतो, या साऱ्याचा विचार करून इंजिनिअर लोक तो आवाज जुळवतात.

आमच्या गृहस्थांना तो आवाज 'मिळमिळीत' वाटला. मित्रांच्या गाड्या लांबून 'धप धप' करत येतात आणि आपली एवढी महागाची गाडी मात्र शांत, हे त्यांना बरे दिसेना. मग त्यांनी डिकीत लाकडी पेटी बसवून घेतली. पेटीत बारा-बारा इंची दोन सबवूफर, शेजारी वेगळा अॅम्प्लिफायर, त्याला थेट बॅटरीवरून आणलेली जाड केबल, आणि स्टिअरिंगखाली बास कमी-जास्त करायला एक गोल बटण. स्टेपनी पेटीखाली गाडली गेली ती गेलीच. या गोष्टीला चार वर्षे झाली. रोज गाव ते मार्केट यार्ड आणि परत, मिळून दीड तासाचा प्रवास. काचा बंद, एसी चालू आणि सिस्टीम चालू.

मी त्यांच्या श्रवणशक्तीची तपासणी केली. ज्या आलेखाला आम्ही 'ऑडिओग्राम' म्हणतो, त्यात २००० हर्ट्झपर्यंतचे स्वर त्यांना व्यवस्थित ऐकू येत होते. ४००० हर्ट्झला दोन्ही कानांची रेषा खड्ड्यात गेल्यासारखी एकदम खाली गेली होती आणि ८००० ला थोडी वर आली होती. हा ४००० च्या आसपासचा खड्डा म्हणजे मोठ्या आवाजाने केलेली सही. गिरणीतल्या कामगारांत, बंदूक चालवणाऱ्या जवानांत आणि अलीकडे कॉलेजच्या मुलांत आम्ही तो पाहतो. या गृहस्थांच्या बाबतीत सारा दोष गाडीचाच आहे असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. लग्नातले डीजे, कानातले इअरफोन यांनीही आपापला वाटा उचललाच असेल. पण रोज दीड तास, चार वर्षे, हा वाटा काही लहान नव्हे.

मी गाडीत जाऊन बसलो

खरे सांगायचे तर माझा विश्वास बसत नव्हता. आवाज मोजायचे यंत्र घेऊन मी खाली गेलो आणि गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. "रोज जेवढा ठेवता तेवढाच ठेवा," म्हटले. यंत्राने ९८ डेसिबल दाखवले. हे माप माणसाच्या कानाच्या धाटणीचे, ज्याला 'ए' माप म्हणतात ते. या मापात खर्जातला आवाज फार कमी मोजला जातो. ५० हर्ट्झच्या आवाजातून तर जवळजवळ ३० डेसिबल वजा होतात. म्हणून मी यंत्र 'सी' मापावर नेले. आकडा ११२ झाला. मधला १४ चा फरक म्हणजे डिकीतला ढोल. माझ्या शर्टाची बटणे थरथरत होती, आरसा हलत होता आणि ते गृहस्थ काहीतरी बोलत होते ते मला फक्त ओठांवरून कळत होते.

आता ९८ म्हणजे किती? डेसिबलचा हिशेब आपल्या किराणा मालासारखा सरळ नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणजे ८० चे ८३ झाले तर कानावरचा मारा दुप्पट, ८६ झाले तर चौपट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मोबाइल, इअरफोनसारख्या साधनांसाठी मानक काढले. त्याप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकला तर चालेल, लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ ची. हाच हिशेब पुढे नेला तर ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास, ९५ ला सव्वा तास. ९८ ला उरतात आठवड्याची जेमतेम ३७-३८ मिनिटे! आमच्या गृहस्थांचा आठवड्याचा कोटा सोमवारी सकाळी मार्केट यार्डात पोचण्याआधीच जवळपास संपत होता. उरलेला आठवडा ते कानाच्या भांडवलातून खर्च करत होते.

कानात नेमके काय बिघडते?

कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक बारीक अवयव आहे. त्यात साधारण पंधरा हजार केसाळ पेशी रांगेने उभ्या असतात. वाऱ्याने गव्हाचे शेत डोलते तशा आवाजाने या पेशींचे केस डोलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. शंखाच्या दाराशी असलेल्या पेशी उंच स्वर ओळखतात, आत टोकाशी असलेल्या खर्जातले. वारा थोडा असला तर शेत डोलून पुन्हा उभे राहते. वादळ झाले तर पीक आडवे पडते. एखाद्या रात्री डीजेसमोर नाचून आल्यावर कान बधिर होतात, 'सूंऽऽ' आवाज येतो आणि एक-दोन दिवसांत बरे वाटते. ते आडवे पडून पुन्हा उभे राहणे. पण रोजच वादळ झाले तर काही पेशी कायमच्या मरतात. शेतात पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. कानात नाही. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांना उगवणारे औषध, गोळी, थेंब, काढा, तेल आजमितीस माझ्याकडे नाही आणि कोणाहीकडे नाही.

आधी जातात त्या उंच स्वरांच्या पेशी. म्हणून माणूस बहिरा होत नाही, 'अर्धवट' ऐकू लागतो. मराठीतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस. ते ऐकू येतात. पण स, श, त, थ, ठ, फ, ख ही व्यंजने उंच आणि नाजूक. ती आधी गळतात. 'सात' आणि 'आठ' या दोन्ही शब्दांतला 'आ' एकच, फरक सगळा व्यंजनांचा. व्यापाऱ्याचा घोटाळा तिथेच झाला. "मला ऐकू येतं, पण लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," अशी तक्रार कोणी केली तर समजावे की लोकांची तोंडे पूर्वी होती तशीच आहेत.

आणि ते रातकिडे? मेंदूला ज्या स्वरांची बातमी यायची थांबली, त्या जागी तो स्वतःच आवाज निर्माण करतो असे आज मानले जाते. दिवसाच्या गलबल्यात तो झाकला जातो, रात्रीच्या शांततेत वर येतो.

बास बिचारा निर्दोष?

इथे एखादा जाणकार मला अडवील. तो म्हणेल, "डॉक्टर, तुम्हीच सांगता की खराबी उंच स्वरांची होते. सबवूफर तर खर्जाचा. मग त्याचा काय दोष?"

प्रश्न रास्त आहे. तेवढ्याच दाबाचा खर्जातला आवाज उंच आवाजाच्या मानाने कानाला कमी घातक असतो, हे खरे. मीही बासला सरसकट फाशी देणार नाही. पण तो फितूर आहे. कसा ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. आवाज लहान असला की खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आवाज मोठा केला की तो भरून येतो. त्यामुळे ज्याला बासची गोडी लागली त्याचा हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो.

दुसरे असे की खर्जातला मोठा आवाज वरच्या स्वरांना झाकतो. बास वाढवला की गाणाऱ्याचे शब्द मागे पडतात. म्हणून मग ट्रेबल वाढवायचा. ट्रेबल वाढवला की बास फिका वाटतो, म्हणून पुन्हा बास. दोघांच्या या भांडणात एकूण आवाज जिन्याच्या पायऱ्या चढावा तसा चढत जातो आणि शेवटी ४००० हर्ट्झच्या पेशींवर मारा होतो तो वरच्या स्वरांचाच. बास स्वतः चोरी करत नाही, तो चोराला दार उघडून देतो.

तिसरे, हेच झाकणे रस्त्यावर जिवावर बेतते. रुग्णवाहिकेचा सायरन, मागच्या ट्रकचा हॉर्न, रिव्हर्सची टिटी, लेकराची हाक हे सारे उंच स्वर. ज्याच्या गाडीत ढोल घुमतो आहे त्याला ते ऐकू येत नाहीत, कान चांगले असले तरी येत नाहीत. आमच्या गृहस्थांच्या दारात त्या सकाळी कानातला खड्डा आणि गाडीतला ढोल हे दोन्ही एकत्र आले होते.

विकत घेतली शांतता, बसवला गोंगाट

मला सर्वांत नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. महागडी गाडी घेताना माणूस नेमके कशाचे पैसे मोजतो? १९५८ मध्ये अमेरिकेत रोल्स-रॉइसची एक जाहिरात गाजली होती. ताशी साठ मैल वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्या विजेच्या घड्याळाचा, अशा अर्थाची. म्हणजे श्रीमंती कशात, तर शांततेत. आजही अशा गाड्यांना दुहेरी काच, दारांना जाड रबर, पत्र्याखाली आवाज शोषणारे थर असतात. आपल्या एसटीत किंवा जुन्या जीपमध्ये गाणे ऐकायचे तर इंजिनावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागतो. या गाड्यांत लहान आवाजातही तबल्याचा बायाँ आणि तानपुऱ्याचा खर्ज ऐकू यावा, यासाठीच तर तेवढी किंमत. ती शांतता विकत घ्यायची आणि पदरचे पैसे घालून तिच्यात गोंगाट बसवायचा, हे म्हणजे चांगला बासमती आणून त्यात मूठभर मीठ ओतण्यासारखे आहे.

आणि वॅटांची गंमत पाहा. शंभर वॅटांच्या जागी हजार वॅट केले तर आवाज दहापट वाटेल असे गिऱ्हाइकाला वाटते. प्रत्यक्षात कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. कानावरचा मारा मात्र दहापट होतो. शिवाय बंद गाडी हे लहानसे खोके. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते, गाडीच्या आतल्या जागेपेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे खर्जातला आवाज गाडीत पसरून जाण्याऐवजी सायकलच्या पंपात हवा दाबली जावी तसा दाबला जातो आणि थोड्या वॅटांतही भरपूर बास मिळतो. लग्नाच्या मैदानाला जे लागते ते डिकीत भरण्याची गरजच नसते.

परदेशात गाडीतल्या आवाजाच्या दाबाच्या स्पर्धा भरतात, त्यांची चित्रफीत आपली मुले मोबाइलवर पाहतात. तिथे मोठ्या गटांत आकडा १५० च्या पुढे जातो. पण त्या वेळी स्पर्धक गाडीची दारे लावून, कानांवर संरक्षक चढवून बाहेर उभा असतो. आपली मुले आत बसून तसे करायला पाहतात.

एक विरळ, पण सांगण्याजोगी गोष्ट. 'थोरॅक्स' या फुप्फुसरोगांच्या नियतकालिकात २००४ मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी काही रुग्णांची हकिगत छापली. मोठ्या आवाजातले संगीत ऐकताना या तरुणांच्या फुप्फुसातून हवा सुटून छातीत साठली होती आणि फुप्फुस दबले होते. त्यांतला एक तरुण त्या वेळी आपली गाडी चालवत होता आणि त्याच्या गाडीत १००० वॅटची बासची पेटी होती. उंच, सडपातळ आणि सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत हा विकार मुळातच जास्त आढळतो. अशी उदाहरणे मोजकीच आहेत, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण मोठ्या आवाजात असताना छातीत अचानक कळ येऊन दम लागला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन घरी बसू नये.

गाडीतले इतर आणि रस्त्यावरचे इतर

आवाजाचे बटण ज्याच्या हाती असते तो पुढे बसतो. पेटी असते मागच्या सीटच्या पाठीशी. मागे कोण बसते? म्हातारे आईवडील आणि लहान मुले. वडील म्हणतात, "पोराची हौस आहे, असू दे." तान्हे मूल काहीच म्हणत नाही. त्याने कान दाबले, कुरकुर केली तर आपण म्हणतो की त्याला झोप आली.

रस्त्याकडेच्या घरांची गोष्ट वेगळी नाही. उंच आवाज भिंतीने, खिडकीने अडतो, खर्ज अडत नाही. म्हणून रात्री अकरा वाजता गल्लीतून जाणाऱ्या गाडीतले गाणे कळत नाही, पण भांडी मात्र फळीवर थरथरतात. आजारी माणसाची, परीक्षेच्या मुलाची, नुकत्याच डोळा लागलेल्या बाळंतिणीची झोप मोडते. ध्वनिप्रदूषणाचे नियम देशात २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा आहे. नियम आहेत, पण गल्लीतल्या ओळखीच्या पोराची तक्रार कोण करणार? म्हणून मी कायद्यापेक्षा लाजेवर जास्त भिस्त ठेवतो.

सगळा दोष गाडीवाल्यांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत मी स्वतः ताशाच्या शेजारी पाच-पाच तास चाललो आहे. माझ्या डाव्या कानाच्या आलेखात ४००० ला लहानसा खड्डा आहे. रुग्णाला तो दाखवतो, म्हणजे त्याला वाटत नाही की डॉक्टर उपदेश करतो आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मात्र मागचा शहाणा व्हावा यासाठी पुढच्याने आपली ठेच लपवू नये.

हौस भागवा, पण अशी

सबवूफर बसवूच नका असे मी म्हणत नाही. हौसेला मोल नसते, हे मलाही कळते. उलट बेताने बसवलेला लहान सबवूफर असेल तर बाकीचा आवाज कमी ठेवूनही गाणे भरीव लागते. म्हणून एवढे करावे :

१) आधी कंपनीची यंत्रणा नीट ऐकून पाहा. बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवा, काचा बंद करा आणि आठ दिवस तसेच ऐका. कानाला सवय व्हायला वेळ लागतो. निम्म्या लोकांचे काम इथेच भागेल असे मला वाटते.

२) बसवायचाच तर एकच, लहान, बंद पेटीतला बसवा. स्टेपनी आणि जॅक काढता आले पाहिजेत. बॅटरीवरून येणाऱ्या केबलला बॅटरीजवळच फ्यूज हवा आणि पत्र्यातून जाते तिथे रबर हवे. केबल घासून उघडी पडली तर आग लागते. कानाच्या आधी जीव.

३) बसवणाऱ्या कारागिराला सांगा की ८० हर्ट्झच्या आसपास सीमा ठेव आणि अॅम्प्लिफायरचा 'गेन' कमी ठेव. खूण अशी : पेटी बंद केली की काहीतरी गेले असे वाटावे, चालू असताना मात्र ती वाजते आहे हे कळू नये.

४) शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. ओरडावे लागले तर आवाज जास्त आहे, मग यंत्र काहीही सांगो. मोबाइलमधली मापनाची सोय अंदाजापुरती ठीक, पण खर्ज तिला नीट मोजता येत नाही.

५) वस्तीत शिरताना, गाडी मागे घेताना आणि शाळेजवळ आवाज पूर्ण बंद. यात तडजोड नाही.

६) मागे लहान मूल असेल तर पेटी बंदच ठेवा.

७) कानात अचानक ऐकू येईनासे झाले, विशेषतः एकाच कानात, तर 'मळ असेल' म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा काही प्रकारांत लवकर औषध दिले तर उपयोग होतो, पंधरवडा गेल्यावर आमचे हात बांधले जातात.

आणि एक घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा. सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी रेडिओवर बातम्या लावा. शब्द जेमतेम कळतील एवढाच आवाज ठेवा आणि तो आकडा लक्षात ठेवा. दिवसभर नेहमीप्रमाणे गाणी ऐका. संध्याकाळी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, पुन्हा त्याच आकड्यावर बातम्या लावा. शब्द कळले तर ठीक. कळले नाहीत तर तुमच्या शेतातले पीक त्या दिवशी आडवे पडले आहे असे समजा. असे रोज होत असेल तर ते उद्या उभे राहीलच याची हमी नाही.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे विचाराल. दोनपैकी एक सबवूफर त्यांनी काढला. दुसरा आहे. स्टिअरिंगखालच्या बटणावर बाईंनी आपल्या कपाळाची टिकली चिकटवून ठेवली आहे. बटण त्या टिकलीपुढे फिरवायचे नाही, असा घरचा कायदा झाला आणि पोलिसांचे काम मुलीकडे आहे. मी त्यांना श्रवणयंत्राचा सल्ला दिला आहे. अजून मनाची तयारी नाही, "इतक्यात कशाला" म्हणतात. चष्म्याला लाजत नाहीत, यंत्राला लाजतात, हा आपल्या समाजाचा जुना रोग आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

रातकिडे गेले का? नाही. रात्री पंखा चालू ठेवला की कमी जाणवतात, एवढेच. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा आलेखातला खड्डा होता तेवढाच होता. वाढला नव्हता. आमच्या शास्त्रात यालाच यश म्हणतात, आणि मीही त्यांना तसेच सांगितले.

वाचकहो, तुमच्या घरी गाडी असो वा नसो, घरातल्या तरुण मुलाला 'सात' आणि 'आठ' एकदा पाठमोरे उभे राहून, हळू आवाजात म्हणून दाखवा. त्याने चुकीचे उत्तर दिले तर हसू नका. कानाची तपासणी करून घ्या. अर्ध्या तासाचे काम असते, दुखत नाही.